चुकीच्या अक्षरांची यादी

अलिबागला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. बावीस वर्षं मी तिथे मुलांच्या कागदांवरच्या चुकांना लाल पेनाने गोल केले. पेणपासून मुरुडपर्यंतची मुलं तीस आणि चाळीस स्पीडच्या सरकारी परीक्षेला माझ्याकडे बसायची. कोण कुठे चुकणार हे मला कागद हातात येण्याआधी कळायचं. करंगळी कच्ची असलेल्या मुलीचा 'ए' गळायचा. घाई करणाऱ्याची मधली दोन अक्षरं उलटीपालटी व्हायची. आपल्याकडची बहुतेक माणसं इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यूमध्ये गोंधळतात. दोन 'ई' लागतात तिथे एक 'आय' लिहून मोकळी होतात. ह्यात मला कधी काही विशेष वाटलं नाही. सुताराला लाकूड कळतं तसं मला ते कळायचं, इतकंच.

पुढे लोक फोनवर अंगठ्याने लिहायला लागले आणि इन्स्टिट्यूट बंद करावी लागली. मी किहीमच्या घरी बसले. सकाळी झावळ्या गोळा करायच्या, दुपारी काही करायचं नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई तेव्हा रेवदंड्याच्या रस्त्यावरच्या एका सत्संग मंडळात जायच्या. तिथे प्रवचनं टाइप करायला कुणी तरी हवं होतं. त्यांनी माझं नाव सांगितलं.

मंडळाचा प्रचार ज्यांच्याकडे होता त्यांना सगळे काका म्हणत. कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, स्वच्छ पांढरा सदरा, आवाज मऊ. कधी कुणावर ओरडले नाहीत. मला ते पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, आणि मी येताना उभे राहायचे. घरी बसून मला कुणी विचारेनासं झालं होतं. त्यामुळे ते उभं राहणं मला फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकते.

पहिलं वर्ष प्रवचनं टाइप करण्यात गेलं. ती मंडळाच्या वेबसाइटवर जायची. ती फारसं कुणी वाचत नव्हतं. काका रोज सकाळी किती लोक येऊन गेले ते पाहायचे आणि उसासा टाकायचे.

मग ते मुंबईला कसल्याशा शिबिराला गेले आणि परतले ते अगदी वेगळ्या उत्साहात. माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. मोठमोठ्या वेबसाइटचे पत्ते लिहिताना हजारो लोक एखादं अक्षर चुकतात, असं त्यांनी मला समजावलं. तो चुकलेला पत्ता कुणाच्याच मालकीचा नसतो. तो आपण घेऊन ठेवला की चुकलेला माणूस आपोआप आपल्या दारात येतो.

"बाई, लोक कुठे चुकतात ते तुमच्याइतकं ह्या जिल्ह्यात कोणाला माहीत आहे?" ते म्हणाले.

मी लाजले. खरंच लाजले. त्याच दुपारी वही काढली आणि यादी करायला बसले.

त्या यादीची मला आज शिसारी येते, पण तेव्हा मला मजा आली होती. किती तरी महिन्यांनी माझं डोकं माझ्या कामात चालत होतं. काका एक एक नाव सांगायचे आणि मी त्याच्या चुका पाडायचे. आधी गर्दीची देवस्थानं घेतली, जिथे दर्शनाचं बुकिंग ऑनलाइन होतं. मग दहावी-बारावीचा निकाल. मग सरकारी योजनेचे अर्ज. आणि शेवटी मुंबईचं एक मोठं धर्मादाय रुग्णालय, जिथे आमच्या किनाऱ्यावरची माणसं गाठीगोळ्याच्या दुखण्याला जातात. त्याच्या नावात एक मराठी शब्द होता आणि इंग्रजीत तो दोन 'ई' घालून लिहिलेला होता. मी वहीत एक 'आय' घालून लिहिला आणि पुढे खूण केली: नक्की.

त्या पत्त्यांवर एक पान ठेवलं. भगवी पार्श्वभूमी, समई, आणि वर काकांचं वाक्य: आपण इथे चुकून आला नाही, आपल्याला बोलावलं आहे. मी 'आला नाही'चं 'आला नाहीत' केलं. तेवढाच माझा आक्षेप. खाली एक चौकट होती. त्यात आपली अडचण, नाव आणि फोन नंबर लिहायचा. लिहून पाठवलं की लगेच आपोआप उत्तर जायचं: आपली विनंती पोहोचली आहे. चिंता नसावी.

निकालाच्या दिवशी आमच्या पानावर इतके लोक आले की काकांनी पेढे आणवले. मी चौकटीत आलेले निरोप उघडले. मला वाटलं होतं लोक काही तरी मागतील, देवाकडे मागतात तसं. पण निरोपांत नुसते आकडे होते. सीट नंबर, आईचं नाव, पुन्हा सीट नंबर. एका मुलीने चार वेळा तेच लिहिलं होतं आणि पाचव्या वेळी विचारलं होतं, माझाच का दिसत नाही, मी नापास आहे का? तिला उत्तर गेलं होतं की विनंती पोहोचली आहे. पेढा माझ्या तोंडात होता. बाहेर जाऊन मोरीत थुंकला आणि चूळ भरली.

काकांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, पोरं दोन मिनिटांत खरी साइट शोधतात, त्यांचं काही बिघडत नाही, आणि जाता जाता त्यांच्या डोळ्यांपुढे समई तर आली. मला ते पटलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेले आणि ते माझ्यासाठी पुन्हा उभे राहिले.

रुग्णालयाच्या पानाचं मात्र वेगळं झालं. तिथे येणारे लोक समई पाहून लगेच परत फिरायचे. काकांना ते खुपत होतं. एके दिवशी म्हणाले, भगवा रंग पाहून आजारी माणूस बिचकतो, तिथे निळा-पांढरा घालू. मी खरी वेबसाइट उघडून पाहिली तर तीही निळी-पांढरी. वरचं वाक्यही त्यांनी बदललं: आपण योग्य ठिकाणी आलात. हे वाक्य मी टाइप केलं. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

आता चौकटीत येणारे निरोप बदलले. सोमवारची ओपीडी चालू आहे का. आईचा रिपोर्ट पाठवला तर पाहाल का. माणसं काय समजून लिहितायत ते उघड होतं. पण काकांनी मला सांगितलं होतं की आधी सगळे फोन नंबर रोज सकाळी फोनवर जाणाऱ्या सुविचाराच्या यादीत घाला, निरोप मागाहून वाचा. निकालापासूनचे शेकडो नंबर साठले होते. मी नंबर उतरवत बसले. निरोप मागे पडत गेले. मी आज्ञाधारक होते असं मी स्वतःला सांगायचे. खरं तर ते वाचायची मला भीती वाटत होती.

पाच आठवड्यांनी मी त्या मागे पडलेल्या निरोपांपर्यंत पोहोचले. श्रीवर्धनच्या एका बाईंचे तीन निरोप एकाखाली एक होते. पहिल्यात लिहिलं होतं की मालकांच्या गालात गाठ आहे, इथल्या डॉक्टरांनी तातडीने दाखवायला सांगितलंय, तुमच्याकडची तारीख मिळावी. सोबत वय, रिपोर्टमधले शब्द जसेच्या तसे, घरचा पत्ता आणि फोन नंबर. दुसरा आठवड्याने आलेला: तुमचा निरोप मिळाला, खूप धीर आला, आम्ही तारखेची वाट बघतो, आपले आभारी आहोत. तिसरा नुकताच आलेला: मालकांना आता तोंड उघडता येत नाही, तारीख लवकर मिळाली तर बरं.

मी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून एका बाईंचा आवाज आला.

"हॉस्पिटलातून बोलताय ना, मॅडम? लागली आमची तारीख?"

मी सांगितलं की मी रुग्णालयातून बोलत नाही. आमचं सत्संग मंडळ आहे, तुमच्याकडून पत्त्यात एक अक्षर चुकलं आणि तुमचा निरोप आमच्याकडे आला. रुग्णालयाला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही. हे बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे. पलीकडे कुणी तरी सुपारी सोलत असावं, कोयत्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"मग चिंता करू नका असं कुणी लिवलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वहिनी, मी उद्या येते. त्यांनी फोन ठेवला.

काका आतल्या खोलीत होते. मी कागदावर तिन्ही निरोप उतरवून नेले आणि त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचले. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा पडेल. रुग्णालयाचं पान आजच बंद करू म्हणतील, निदान अरेरे म्हणतील. त्यांनी दुसऱ्या निरोपावर बोट ठेवलं.

"हा आपण घेतलाय," ते म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मंडळाच्या वेबसाइटवर 'भक्तांचे अनुभव' नावाचं पान होतं. त्यात सर्वांत वर त्या बाईंचं वाक्य होतं: तुमचा निरोप मिळाला, खूप धीर आला, आपले आभारी आहोत. खाली 'एक भगिनी, श्रीवर्धन'. तारखेचं वाक्य गाळलेलं होतं. म्हणजे काकांनी हे निरोप माझ्या आधी वाचले होते. गालातली गाठही वाचली होती. ते सगळं सोडून त्यांनी आपल्या उपयोगाचं तेवढं उचललं होतं, माशातला काटा काढून टाकावा तसं.

माझ्या अंगावर शहारा आला. पाल अंगावर पडल्यावर येतो तसा. मी म्हटलं, त्या माणसाला तोंड उघडता येत नाही, काका.

ते शांतपणे म्हणाले, "बाई, पाच आठवडे त्या बाईला रात्री झोप लागली. ती कुणामुळे?"

त्यांचा त्यावर खरा विश्वास होता. ते ढोंगी असते तर मला सोपं गेलं असतं. ढोंगी माणूस निदान घाबरतो. ह्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. समोरच्या वाटीत प्रसादाची खडीसाखर होती आणि तिच्यावर मुंग्या चढल्या होत्या. मी ती वाटी पाहत राहिले, कारण त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. मी पान बंद करायला सांगितलं. पत्ता वर्षभरासाठी घेतलेला आहे, विश्वस्तांना विचारावं लागेल, असं ते म्हणाले. मी पिशवी उचलली आणि निघाले. तेव्हाही ते उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मुरुडला गेले, तिथून आगरदांडा, फेरीबोटीने दिघी, आणि मग श्रीवर्धन. बोटीत मी सारखी एकच गोष्ट म्हणून पाहत होते, की मी कामाला होते, मला सांगतील ते मी केलं. बोट दिघीला लागेपर्यंत माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला नाही.

त्यांचं घर वाडीत आत होतं. अंगणात सुपारी वाळत घातलेली. वहिनी माझ्याच वयाच्या निघाल्या. मालक ओट्यावर बसले होते, गालाला रुमाल बांधलेला. एका बाजूने स्ट्रॉ घालून पेज पीत होते. त्यांनी मला बसा अशी हाताने खूण केली. पाहुणी आली म्हणून रुमाल नीट केला. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी आधी काम केलं. रुग्णालयाचा खरा नंबर काढला, तासभर फोन लावत राहिले, डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवली. पलीकडच्या बाईंनी चार दिवसांनंतरची तारीख दिली. चार दिवस. पाच आठवड्यांपूर्वी ह्याच एका फोनचं काम होतं. मी ती तारीख कागदावर लिहून वहिनींच्या हातात दिली. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि देवाच्या फळीवर ठेवायला निघाल्या. मग थांबल्या आणि पदराच्या गाठीत बांधला.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं की हे नक्की होतं कसं. मी सगळं सांगितलं. इन्स्टिट्यूट, वही, एक 'आय' आणि दोन 'ई'. लपवावं असं वाटत होतं, पण इतक्या लांब लपवायला आले नव्हते. पोरगं मुंबईला असतं, त्याला विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं रात्रभर मनात येत होतं, असं वहिनी म्हणाल्या. आपलं शिक्षण कमी, म्हणून आपल्याकडून अक्षर चुकलं, ह्याबद्दल कालपासून त्या स्वतःला बोल लावत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी चुकणार, हे तुम्ही आधीच लिहून ठेवलं व्हतं व्हय?"

मी हो म्हटलं.

त्यांनी कपबश्या उचलल्या आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मालकांनीच मला हात जोडून निरोप दिला.

त्यांच्याबरोबर मी मुंबईला गेले. वहिनी नको म्हणाल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. ऑपरेशन झालं. जबड्याचा एक भाग काढावा लागला. मी डॉक्टरांना गाठून विचारलं की पाच आठवडे आधी आलो असतो तर हे वाचलं असतं का. त्यांनी दमलेल्या डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाले, कदाचित, सांगता येत नाही. मी नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनाही विचारलं. तेही तेच म्हणाले. मला कुणी तरी हो किंवा नाही सांगावं म्हणून मी वणवण करत होते, त्या माणसासाठी नाही, माझ्यासाठी. हे लक्षात आल्यावर मी विचारायचं सोडून दिलं.

घरी आल्यावर मी वहीची नक्कल केली आणि ज्यांच्या ज्यांच्या नावांच्या चुका मी पाडल्या होत्या त्या सगळ्यांना पत्रं पाठवली. कुठला चुकीचा पत्ता कुणाकडे आहे आणि तो कुणी शोधून दिला, हे सही करून लिहिलं. रुग्णालयाच्या वकिलांची नोटीस मंडळाला गेली आणि ते पान बंद झालं. निकालाचंही झालं. देवस्थानांकडून मला उत्तरच आलं नाही. त्यांच्या चुकलेल्या पत्त्यांवर ती समई अजून आहे. मी अधूनमधून उघडून पाहते. किळस येते आणि तरी पाहते. 'भक्तांचे अनुभव' मात्र त्यांनी आणखी वाढवले आहेत. श्रीवर्धनच्या भगिनीचं वाक्य काढा म्हणून मी तीनदा लिहिलं, तेव्हा कुठे ते काढलं.

जाऊबाई माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. मंडळात त्यांना खाली मान घालावी लागली म्हणे. एकदा चौलच्या बाजारात त्या आणि काका समोरून आले. जाऊबाईंनी तोंड फिरवलं. काका थांबले, हात जोडले आणि मऊ आवाजात म्हणाले की ते रोज माझ्यासाठी प्रार्थना करतात. माझ्या हातात कोळंबीची पिशवी होती, तिचं पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं. त्यांच्याकडे बोट दाखवून चारचौघांत सगळं सांगावं असं मनात आलं. पण बोट दाखवायचं तर मला आधी स्वतःकडे दाखवावं लागलं असतं, आणि भर बाजारात तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. मी पुढे गेले आणि घरी येऊन पाय साबणाने दोनदा धुतले.

मालक आता पातळ भात खातात. बोलणं कळायला वेळ लागतो, पण वाडीत जातात, झाडाखालच्या सुपाऱ्या वेचतात. दर तीन महिन्यांनी त्यांना तपासणीला जावं लागतं. आधी एक दिवस वहिनी मला फोन करतात. हालहवाल विचारत नाहीत. तारीख सांगतात आणि म्हणतात, "मॅडम, जरा विचारून घ्या." मी रुग्णालयात विचारते आणि त्यांना कळवते. त्या बरं म्हणतात आणि फोन ठेवतात. गेल्या वेळी मात्र ठेवता ठेवता थांबल्या. मालकांनी तुमच्यासाठी सुपारी बाजूला काढून ठेवलीय, म्हणाल्या, मला काही ते पटलं न्हाय, पण त्यांचं म्हणणं हाय. कधी इकडे आलात तर न्या.

मी अजून गेलेले नाही.